माहो बीच आणि डोक्यावरून जाणारी विमानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहोचे रील्स बघून सगळ्यांना साधारण सारखेच प्रश्न पडतात, आणि उत्तरं मात्र इकडेतिकडे अर्धीमुर्धी सापडतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. विमानांचं वेड असेल तर आयुष्यात एकदा तरी जावं अशी ही जागा आहे. पण तिथे काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही हे घरूनच पक्कं करून जा, कारण समोर विमान आलं की डोकं चालत नाही कोणाचंच.

माहो बीच नेमका आहे कुठे?

कॅरिबियन समुद्रात सेंट मार्टिन नावाचं छोटंसं बेट आहे, जेमतेम ८७ चौरस किलोमीटर. त्याचा उत्तरेकडचा भाग फ्रान्सचा आणि दक्षिणेकडचा नेदरलँड्सच्या राज्याचा, ही वाटणी १६४८ च्या तहापासूनची आहे आणि आजही मधल्या सीमेवर कोणी तुम्हाला अडवत नाही, गाडीने इकडून तिकडे जा खुशाल. माहो डच बाजूला येतो, प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळाच्या पश्चिम टोकाला. समुद्र, मग वाळू, मग एक दुपदरी रस्ता, मग तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे लगेच धावपट्टी. बस, एवढंच अंतर.

विमानतळ दुसऱ्या महायुद्धातला, १९४२ साली लष्करी धावपट्टी म्हणून सुरू झालेला, १९४३ मध्ये प्रवासी वाहतुकीला खुला झाला आणि १९४४ मध्ये डच राजकन्या ज्युलियाना इथे उतरल्या म्हणून त्यांचं नाव पडलं.

विमानं एवढी खाली का येतात? पायलट मुद्दाम लोकांसाठी करतात का?

नाही हो. हा गैरसमज फार पसरलाय. जगात कुठल्याही मोठ्या विमानतळावर विमान साधारण ३ अंशाच्या उतारावरून खाली येतं, म्हणजे १९-२० मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली, आणि धावपट्टीची सुरुवात ओलांडताना ते जमिनीपासून १५ मीटरच्या आसपास असतं. मुंबईला पण तेच, पुण्याला पण तेच. फरक एवढाच की बाकी ठिकाणी धावपट्टीच्या आधी मोकळी जमीन असते, दिवे असतात, भिंत असते, आणि तुम्हाआम्हाला तिथे कोणी फिरकू देत नाही. माहोला त्या जागी बीच आहे.

त्यात धावपट्टी आखूड, २,३०० मीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास ३,४५० मीटर आहे त्यावरून अंदाज करा. एवढ्या धावपट्टीवर युरोपातून आलेलं मोठं विमान उतरवायचं तर पायलटला सुरुवातीलाच चाकं टेकवावी लागतात, पुढे तरंगत जायची चैन परवडत नाही, म्हणून सगळे अगदी काट्यावर येतात.

आणि तिसरं कारण वारा. शाळेत भूगोलात व्यापारी वारे शिकलो होतो ना, तेच इथे वर्षभर पूर्वेकडून वाहतात. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, त्यामुळे ते पश्चिमेकडून, समुद्रावरून, बीच ओलांडून येतं. क्वचित वारा उलटा फिरला तर विमानं दुसऱ्या बाजूने उतरतात आणि त्या दिवशी माहोवर नेहमीचा तमाशा दिसत नाही, पण असे दिवस कमी.

खाली म्हणजे किती खाली?

मोठं विमान वाळूवरून जाताना २०-२५ मीटरवर असतं असं धरा, म्हणजे सहा-सात मजली बिल्डिंगची गच्ची. चाकं त्याहून खाली लटकत असतात.

आता हे आकड्यात वाचून काही कळत नाही, तिथे काय होतं ते सांगतो. आधी लांब समुद्रावर एक दिवा दिसतो, मग दोन-तीन दिवे, आणि ते बराच वेळ तिथेच थांबल्यासारखे वाटतात. आवाज जवळजवळ नाहीच. लोक बोलत असतात, कोणीतरी पाण्यातून उठून उभं राहतं. मग ते अचानक मोठं होतं. एअरबस ए-३३० सारखं मोठं प्रवासी विमान ताशी साधारण २५० किलोमीटरने येतं, म्हणजे सेकंदाला ७० मीटर, आणि विमानाची लांबी ६० मीटरच्या आसपास, त्यामुळे नाकापासून शेपटीपर्यंत अख्खं विमान तुमच्या डोक्यावरून एका सेकंदात जातं. त्या एका सेकंदात पोटाखालचे पत्र्यांचे जोड दिसतात, चाकांच्या खोबणीतल्या नळ्या दिसतात, टायरवरचे काळे घासल्याचे पट्टे दिसतात. खरा आवाज विमान गेल्यावर येतो, छातीत घुमतो, आणि मागून केरोसीनचा वास. मग पंखांच्या टोकांपासून निघालेला भोवरा खाली येतो, थोडी वाळू उडते, कोणाची तरी टोपी जाते. हे झालं की बीचवरचे अनोळखी लोक एकमेकांकडे बघून हसत असतात. मला त्या जागेचं सगळ्यात जास्त आवडतं ते हे.

दिवसाच्या कुठल्या वेळी जायचं?

दुपारी बाराच्या सुमारापासून चारपर्यंत. अमेरिका आणि युरोपातली मोठी विमानं याच वेळेत येतात. शनिवारी सगळ्यात जास्त गर्दी असते, आकाशातही आणि बीचवरही. सकाळी लवकर गेलात तर बेटाबेटांमध्ये फिरणारी छोटी विमानंच दिसतील, त्यांचीही मजा आहे पण पहिल्याच दिवशी तेवढंच बघून हिरमोड करून घेऊ नका. बीचच्या दक्षिण टोकाला सनसेट बार आहे, तिथे एका उभ्या सर्फबोर्डवर त्या दिवसाच्या विमानांच्या वेळा लिहिलेल्या असतात, फोटो काढण्यासाठी पण प्रसिद्ध आहे तो बोर्ड. तरी मोबाइलवर फ्लाइटरडार हे ॲप ठेवाच, विमान किती लांब आहे ते लाइव्ह कळतं.

जम्बो जेट अजून येतं का?

नियमित नाही. माहोचे जे जुने जगप्रसिद्ध फोटो आहेत, निळ्या रंगाचं प्रचंड ७४७ आणि खाली आंघोळ करणारे लोक, ते केएलएम या डच विमान कंपनीचं ॲमस्टरडॅमहून येणारं विमान. २८ ऑक्टोबर २०१६ ला ते शेवटचं आलं, नंतर त्या मार्गावर ए-३३० लागलं. वाईट वाटतं खरं, पण चार इंजिनांची विमानं सगळ्याच कंपन्या काढत गेल्या, त्याला इलाज नव्हता. आता बघायचं तर केएलएम आणि पॅरिसहून येणारं एअर फ्रान्स, ही दोन चुकवू नका, बाकी अमेरिकेतून येणारी ७३७ आणि ए-३२० जातीची भरपूर असतात.

व्हिडिओत लोक कुंपणाला धरून लोंबकळतात, ते आपण करून बघायचं का?

नाही. कितीही मजेशीर दिसत असलं तरी नाही, आणि बाकीचं काही वाचलं नाहीत तरी चालेल पण हे उत्तर पूर्ण वाचा.

ती गंमत लँडिंगची नसते, टेकऑफची असते. विमान निघायच्या आधी धावपट्टीच्या पश्चिम टोकाला येऊन वळतं, नाक पूर्वेकडे आणि शेपूट बीचकडे. समोर पूर्वेला डोंगर आहेत, धावपट्टी आखूड आहे, त्यामुळे पायलट ब्रेक दाबून ठेवून इंजिनाला भरपूर जोर देतो आणि मग सोडतो. त्या इंजिनांचा सगळा झोत सरळ कुंपणावर, रस्त्यावर आणि वाळूवर येतो, चक्रीवादळाच्या ताकदीचा, गरम, आणि त्यात वाळू आणि बारीक खडे. कुंपण हातातून सुटलं की माणूस मागे फेकला जातो आणि मागे वाळू नाहीये, डांबरी रस्ता आहे, काँक्रीटचा कठडा आहे.

१२ जुलै २०१७ ला न्यूझीलंडहून आलेल्या ५७ वर्षांच्या बाई अशाच कुंपण धरून उभ्या होत्या, झोताने मागे फेकल्या गेल्या, डोक्याला मार लागला आणि त्या गेल्या. ते विमान काही जम्बो नव्हतं, ७३७ होतं, म्हणजे आपण पुण्याहून दिल्लीला जातो तेवढ्या आकाराचं. त्याच्याआधीही लोक जखमी झालेत. कुंपणावर मोठ्या लाल-पांढऱ्या पाट्या आहेत, जेट ब्लास्टने गंभीर इजा किंवा मृत्यू होऊ शकतो असं स्पष्ट लिहिलंय, आणि त्या पाटीलाच टेकून लोक फोटो काढतात.

मला यात सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ग्रुपने जाणाऱ्यांची. एकटा माणूस विचार करतो, पण चौघं असले की एक जण म्हणतो चल रे काही होत नाही, आणि बाकीचे जातात. आपल्या ग्रुपमध्ये तुम्ही नको म्हणणारे व्हा, लोक थोडा वेळ नावं ठेवतील, ठेवू देत.

मग टेकऑफच्या वेळी उभं कुठे राहायचं?

धावपट्टीच्या सरळ रेषेतून बाहेर. बीचच्या दोन्ही टोकांना सरका, दक्षिणेला बारच्या बाजूला किंवा उत्तरेला हॉटेलांच्या बाजूला. तिथून विमान वळताना, थरथरताना आणि निघताना उलट जास्त छान दिसतं, कारण डोळे उघडे ठेवता येतात. विमान वळायला लागलं की टॉवेल, चपला, पिशव्या, बाळाची गाडी सगळं आवरा, मागे ठेवलेली कुठलीही हलकी वस्तू समुद्रात जाते. आणि मुख्य रेषेत पाण्यात डुंबत असाल तर विमानाकडे पाठ करा, तोंडावर वाळू फार जोरात बसते.

लँडिंगच्या वेळी मात्र वाळूवर मधोमध उभं राहायला हरकत नाही, उतरणाऱ्या विमानाची इंजिनं कमी जोरात चालू असतात. कुंपणापासून लांब, वाळूवर, एवढं पाळा.

फोटो कसे काढायचे? मोबाइल पुरेल का?

पुरतो, आणि डोक्यावरच्या शॉटसाठी तर मोबाइलची वाइड लेन्स मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा सोयीची, कारण विमान एवढं जवळ येतं की झूम लेन्समध्ये नुसतं पोट मावतं. कॅमेरा असेल तर शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवा. पंख्याच्या विमानांना मात्र उलटं, १/२५० किंवा त्याच्याही खाली या, नाहीतर पंखे स्थिर दिसतात आणि विमान हवेत बंद पडल्यासारखं वाटतं.

उन्हाचं गणित पण लक्षात घ्या. हिवाळ्यात दुपारी सूर्य दक्षिणेला आणि मग नैऋत्येला असतो, म्हणजे बीचच्या दक्षिण बाजूने काढलं तर ऊन तुमच्या पाठीशी आणि विमानाच्या अंगावर. उत्तरेकडून काढले की विमान काळं येतं. लेन्स बदलायची असेल तर बारमध्ये आत जाऊन बदला, बीचवर नको, ती बारीक वाळू सेन्सरवर गेली की ट्रिपचे सगळे फोटो गेले.

आणि एक विमान तरी कॅमेरा खाली ठेवून बघा, मनापासून सांगतोय.

ड्रोन उडवला तर?

अजिबात नाही, विमानतळाच्या तोंडावर उभे आहात तुम्ही.

पोहायला बीच कसा आहे?

छोटा आहे, पाणी सुंदर निळं, पण लाटा कधीकधी जोरदार असतात आणि किनाऱ्याला एकदम आपटतात, काही वेळा वाळू वाहून जाऊन खालचे दगड उघडे पडतात. पोहण्यासाठी म्हणून जायचं असेल तर बेटावर याहून शांत बीच कितीतरी आहेत. इथे विमानांसाठी या.

लहान मुलं आणि आईबाबा सोबत आहेत, चालेल का?

हो, नक्की न्या. सात-आठ वर्षांच्या पोराला तर हे जन्मभर लक्षात राहील. फक्त कानावर लावायचे इअरमफ घ्या, छोट्यांना आवाजाची भीती वाटू शकते आणि ती भीती एकदा बसली की मग दिवसभर रडारड. सावली बीचवर फारशी नाही, म्हणून आईबाबांना बारमध्ये किंवा बाजूच्या हॉटेलच्या सावलीत खुर्ची बघून द्या, तिथूनही सगळं दिसतं. मुलांचा हात टेकऑफच्या वेळी सोडू नका.

जायचं कसं? व्हिसा लागतो का?

भारतातून थेट विमान नाही. ॲमस्टरडॅम किंवा पॅरिसमार्गे, नाहीतर अमेरिकेतून. अमेरिकेत असाल तर सोपं आहे, मायामी, अटलांटा, न्यूयॉर्क इथून विमानं आहेत, न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना तर चार-साडेचार तासांचं काम, नाताळच्या सुट्टीत बरेच जण जातातही.

भारतीय पासपोर्टला डच कॅरिबियनचा व्हिसा लागतो, तो युरोपच्या शेंगेन व्हिसापेक्षा वेगळा असतो. काही देशांचा चालू मल्टिपल एंट्री व्हिसा किंवा तिथलं रेसिडेन्स परमिट असेल तर सूट मिळते, पण यात बदल होत असतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी डच सरकारच्या साइटवर स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर अमेरिकेचा व्हिसा लागतोच, नुसतं विमान बदलायचं असलं तरी.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं. फिलिप्सबर्ग ही डच बाजूची राजधानी, तिथल्या फ्रंट स्ट्रीटवर दागिन्यांची आणि इलेक्ट्रॉनिक्सची जी दुकानं आहेत त्यातली बरीचशी भारतीयांची, मुख्यतः सिंधी कुटुंबांची, कित्येक वर्षांपासून तिथे स्थायिक झालेली. हिंदीत बोललात तर दुकानदार खुर्ची पुढे करतो. त्यामुळे बेटावर भारतीय हॉटेलं पण आहेत. शिवाय माहोपासून जवळच कुपेकॉयला एक मेडिकल कॉलेज आहे, भारतीय वंशाची पोरं तिथे शिकतात. स्थानिक जेवणात राइस अँड पीज मागवा, त्यातले दाणे बऱ्याचदा चक्क तुरीचे असतात, फक्त मटणाच्या रश्श्यात शिजवलाय का ते विचारून घ्या.

पैसे कुठले चालतात?

अमेरिकन डॉलर सगळीकडे. फ्रेंच बाजूला युरो.

चक्रीवादळात सगळं उद्ध्वस्त झालं होतं ना?

हो. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा आलं, पाचव्या श्रेणीचं, सगळ्यात वरच्या. टर्मिनलचं छप्पर फाटलं, धावपट्टीवर समुद्राचं पाणी आणि वाळू, बीचची वाळू वाहून गेली आणि सनसेट बार तर पार मोडला. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रवासी विमानं परत सुरू झाली, पण टर्मिनलच्या जागी सुरुवातीला तंबू होते, त्यात लोकांचं चेक-इन चालायचं, आणि नवीन टर्मिनल पूर्ण व्हायला २०२४ उजाडलं. बेटाचं पोट पर्यटनावर आहे, आणि त्या लोकांनी ज्या जिद्दीने सगळं परत उभं केलं त्याबद्दल मला फार आदर वाटतो. तिथे गेलात तर छोट्या टपऱ्यांवर, स्थानिक टॅक्सीवाल्यांकडे पैसे खर्च करा.

मग सीझन कोणता चांगला?

डिसेंबर ते एप्रिल. हवा छान, विमानं जास्त, हॉटेलं महाग. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ, त्यातला ऑगस्ट-सप्टेंबर टाळाच.

आपण उतरताना विमानातून बीच दिसतो का?

अगदी खाली असल्यामुळे झर्रकन जातो. डावीकडच्या खिडकीतून माहोची हॉटेलं आणि मग मोठं खाऱ्या पाण्याचं सरोवर दिसतं, उजवीकडून समुद्र. निघताना मात्र विमान उडाल्यावर लगेच उजवीकडे वळतं, समोरचे डोंगर टाळायला, तेव्हा उजवी खिडकी घ्या.

तिकडे गेलोच आहोत तर विमानांचं अजून काय बघता येईल?

साबा! ज्युलियानाहून विनएअरचं छोटं ट्विन ऑटर विमान साबा बेटावर जातं, पाव तासाचा प्रवास, आणि तिथली धावपट्टी फक्त ४०० मीटर. नियमित प्रवासी विमानं उतरतात अशी ही जगातली सगळ्यात आखूड धावपट्टी, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. जेट उतरूच शकत नाही.

दुसरं म्हणजे सेंट बार्ट्स बेट. तिथली धावपट्टी साधारण ६५० मीटर, एका बाजूला टेकडी आणि त्या टेकडीवरच्या रस्त्यावरून विमान गाड्यांना घासून गेल्यासारखं खाली सूर मारतं, दुसरं टोक सरळ सेंट जॉं बीचच्या वाळूत संपतं. तिथे उतरायला पायलटला वेगळं ट्रेनिंग घ्यावं लागतं. माहोला मोठ्या विमानांचं वजन जाणवतं, इथे पायलटच्या हाताची सफाई बघायला मिळते. मला विचाराल तर दोन्ही करा, पण एकच जमणार असेल तर साबाला विमानात बसून जा.

एवढ्या लांब नाही जमणार. जवळ काही आहे का?

फुकेतचा माई खाओ बीच. मुंबईहून थेट विमान आहे, आणि विमानतळाची धावपट्टी पश्चिमेला या बीचपाशीच संपते. पण इथे ऋतू बघून जायला लागतं. नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये वारा पूर्वेकडून असतो म्हणून विमानं समुद्रावरून, बीचवरून उतरतात. आपल्या पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा उतरणारी विमानं जमिनीकडून येतात आणि बीचवरून फक्त टेकऑफ दिसतात, ते पण बरेच वर गेलेले. जूनमध्ये स्वस्त पॅकेज बघून जाणारे नेमके इथे फसतात. हा भाग सिरिनात नॅशनल पार्कमध्ये येतो, प्रवेश फी असते. २०१९ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी धावपट्टीच्या नेमक्या टोकासमोर सेल्फी काढण्यावर बंदीचा इशारा दिला होता, खूप बातम्या झाल्या होत्या, तेव्हा तिथल्या पाट्या वाचा आणि गार्ड मागे सरका म्हणाला की सरका.

आपल्याकडे म्हणाल तर जुहू. मुंबईहून उडालेली विमानं बहुतेक दिवस जुहूवरूनच समुद्राकडे जातात, पण तोपर्यंत चांगली उंच गेलेली असतात, माहोची सर नाही. तरी संध्याकाळी चौपाटीवर बसून एकामागोमाग एक विमानं बघणं फुकट आहे, आणि जवळच जुहूची जुनी धावपट्टी, जिथे १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते. वेड असलेल्या माणसाला एवढं पुरे आहे. गोव्यात दाबोळीला मात्र कुंपणाजवळ कॅमेरा घेऊन फिरू नका, तो नौदलाचा तळ आहे.

आणि घरबसल्या?

यूट्यूबवर माहोचा लाइव्ह कॅमेरा असतो. तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे तिथली दुपारी बारा ते तीनची गर्दी आपल्याकडे रात्री साडेनऊ ते साडेबारा. जेवणं उरकून लावा, शनिवारी लावा, आवाज मोठा ठेवा, आणि शेजारी फ्लाइटरडार उघडा म्हणजे पुढचं कोण येतंय ते आधीच कळेल.